पत्त्याची मुदत

“जित्ता हाय, बाई,” दिवाळीत फाटकापाशी उभे राहून ते एवढंच म्हणायचे आणि मोबाईल माझ्यापुढे धरायचे. पडद्यावर एक कोरा निरोप असायचा. नाव नाही, अक्षर नाही.

मुलांनो, मिरजगावात आपल्या शेजारी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, ते काका. तुम्हाला ते तांब्याची तार गुंडाळतानाच आठवत असतील. दुकानाची वेबसाइट त्यांच्या मुलाने काढून दिली होती. पुढे दोघांचं भांडण झालं, मुलगा घर सोडून गेला. घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं काकांनीच बजावलं. मात्र वर्षातून एकदा, दिवाळीत, त्या साइटवरच्या निरोपाच्या चौकटीतून मुलाचा तो कोरा निरोप यायचा. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुकान बंद झालं, तरी काका साइटचं नाव दरवर्षी पैसे भरून चालू ठेवत. “पत्ता हलवायचा न्हाई. त्याला ह्योच ठावं हाय.”

इंग्रजी मेल वाचून मी त्यांना मुदती समजावल्या होत्या. तारीख उलटली तरी साधारण महिनाभर नेहमीच्याच पैशांत नाव राखता येतं. पुढचा महिनाभर मोठा दंड भरून सोडवता येतं. मग पाच दिवस कुणाचंच काही चालत नाही. त्यानंतर ते कुणीही घ्यावं.

“तलाठ्यापरीस दयाळू हाय की!” ते हसले होते.

तारीख जवळ आली आणि काका गेले. मुलाला कळवायचं, तर त्या साइटवर दोन ओळी लिहिणं एवढाच मार्ग होता. काकूंनी चष्मा, कपडे, मोबाईल पेटीत घालून कुलूप लावलं.

“मोबाईल जरा बघायचा होता,” मी म्हणाले.

“वरीस होऊ द्या, बाई. तवर त्येंच्या वस्तूला हात न्हाई.”

साइटचं नाव देणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, खातं उघडायचा कोड त्याच मोबाईलवर येईल. काकूंना सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण काकांनी विश्वासाने सांगितलेलं, त्यात सुतकाचं घर. मला ते शिष्टाचाराला धरून वाटेना. मी कॅलेंडरवर दिवस खोडत राहिले. दोन्ही महिने गेले, ते पाच दिवसही गेले. आता त्या नावावर कुणाच्या तरी जुगाराची जाहिरात आहे.

वर्षश्राद्ध झालं आणि काकूंनी स्वतःहून मोबाईल आणून दिला. आपल्या वायफायवर तो सुरू होताच मेल येऊ लागले. कंपनीची पैसे भरायची पहिली आठवण, दुसरी, शेवटची सूचना. टिंग टिंग थांबेना.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “येवढी कोन आटवन काढतंय त्येंची?”