लाल ठिपक्यांची मशीन

आमच्या घरात कॉम्प्युटर हाय म्हटलं की लोक हसतात. मी तिसरी शिकलेला, जन्म सगळा सोलापुरात मागावर गेला. पण मशीन माझी न्हाय, बायकोची. पोरीला पुण्यात नोकरी लागली तवा तिनं तिची जुनी मशीन घरी आणून ठेवली, सांजच्याला एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून. फोनवर आम्हा दोघांनाबी धड दिसायचं न्हाय.

बायको सातवी शिकलेली, तिला पटकन जमलं. आजारी पडल्यावर तिनं नखं रंगवायच्या लाल रंगाचे ठिपके बटणांवर दिले. म्हणाली, "आधी हे, मग हे, की पोरगी दिसंल. मी नसले तरी दाबायचं." मी म्हणालो, "गप बस." गप बसलीच की ती.

ती गेल्यावर रोज ठिपके दाबायचो. पोरगी तिकडं ताट घेऊन बसायची, मी हितं. एकट्याला घास उतरत न्हाय, समोर कुणीतरी लागतं. मग एक दिवस ठिपके दाबले तर पडद्यावर इंग्रजीत कायतरी आलं, पोरगी काय आली न्हाय. दुसऱ्या दिवशीबी तेच. मी चहावर भागवायला लागलो.

फोनवर पोरगी म्हणाली, "आप्पा, मशीन लई जुनी झाली. नवी घेऊ."

"मीबी जुना झालोय. मलाबी बदल."

रविवारी ती आली. मशीन उघडून बसली आणि मला समजावलं. बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन मशीनी आपसात चोरून खुणा ठरवतात, मधल्याला कळू नये म्हणून. आमच्या मशीनला जुन्याच खुणा येतात. त्या आता चोरांनाबी कळतात, म्हणून नव्या मशीनी तिला दारातबी उभं करत न्हाईत.

मला लगेच समजलं. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कानात ओरडलं तरी ऐकू यायचं न्हाय. बायको सुताच्या कांड्या भरायची, मी मागावर. आमचं सगळं हातानं चालायचं. पाची बोटं जुळवून छातीशी नेली की "जेवला का?" तीच बोटं खाली झटकली की "कांडी संपली, सूत दे." लग्नाआधीचं अर्धं बोलणं आमचं असंच झालं, मुकादमाच्या डोळ्यादेखत. आता त्या खुणा कुणाला करू?

पोरीला हे दाखवलं. ती हसली, मग डोळे पुसले आणि कामाला लागली.

"जुन्या खुणा पुसणार व्हय गं?"

"न्हाय आप्पा. मशीनचं बाकी सगळं त्यांच्यावरच उभंय, त्या काढल्या तर मशीन बसंल. नव्या खुणा त्यांच्या शेजारी ठेवते, आणि आपल्या बोलायच्या प्रोग्रामला तेवढं तिकडं बघायला सांगते."

"आणि ठिपके?"

"ठिपक्यांना मी हात लावत न्हाय."

नव्या खुणा मशीनला स्वतः आणता येईनात, दारच उघडत नव्हतं. म्हणून पोरीनं त्या पुण्याहून पेनड्राइव्हवर आणलेल्या. दुपारभर मशीनचा पंखा घुरघुरत होता. एकदा सगळं अडलं तवा ती वैतागून म्हणाली, "आईची मशीन आईसारखीच हट्टी!"

"तिला नावं ठेवू नगं. चहा घे."

दिवस कलायच्या आत ती एसटीनं परत गेली. मशीन सुधारली का न्हाय, ते ती पुण्यात पोचल्यावरच कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला भीत भीत ठिपके दाबले. आधी हे, मग हे. जरा वेळ कायच न्हाय. मग पोरगी दिसली. ओठ हलत होते, आवाज काय येत नव्हता. तिनं कानाला हात लावला, मानेनं न्हाय म्हणाली. मग बोटं जुळवली आणि खाली झटकली.

मला हसू फुटलं. येडी, माझ्याकडं सूत मागत होती.

मी बोटं जुळवून छातीशी नेली, तिला दाखवलं. तिनं नीट बघितलं आणि तसंच केलं, अगदी आईसारखा हात वाकडा करून.

मी मानेनं न्हाय म्हणालो. मग उठलो, मशीन तशीच चालू ठेवून सकाळची भाकरी ताटात घेतली आणि तिच्यापुढं येऊन बसलो.