फक्त मुलींचा चॅप्टर
छाया निमकर आमच्या कॉलेजच्या स्टुडंट अफेअर्समध्ये क्लार्क. पद क्लार्कचं, तोरा कुलगुरूंचा. शारजात एकोणीस वर्षं काढली, अल मजाजच्या दोन खोल्यांत मुलाला, तन्मयला, एकटीने वाढवलं आणि उरलेला सगळा जीव कॉलेजच्या सेवा-फ्रॅटर्निटीला, म्हणजे समाजसेवा करणाऱ्या विद्यार्थी संघटनेला, लावला. शेजारच्या टेबलावरून मी हे बघत आले आणि त्यांना तोंडावर वेडी म्हणत आले.

ही फ्रॅटर्निटी मुलामुलींची मिळून. पण छायाताईंचा चॅप्टर, म्हणजे आमच्या कॉलेजातली तिची शाखा, फक्त मुलींचा, चौदा जणींचा. दर शनिवारी या मुली बसने दुबईतल्या अल क्वोजला कामगार बायकांना इंग्रजी शिकवायला जायच्या. सोबत मुलगे असते तर निम्म्या बापांनी पोरींना घराबाहेरच सोडलं नसतं. म्हणून टर्मच्या सुरुवातीला छायाताई एकेका बापाला फोन करायच्या: मुलगा एकही नाही, बसमध्ये मी स्वतः आहे. त्या शब्दावर मुली यायच्या. त्यांतली हव्वाबी तर कॉलेजखेरीज फक्त तिथेच जायची.

यंदा फ्रॅटर्निटीच्या मुख्य कार्यालयाचं फर्मान आलं. संघटना मिश्र, तर चॅप्टरही मिश्र हवा. महिनाअखेर निदान एक मुलगा नोंदवा, नाहीतर चॅप्टर बंद. छायाताईंनी अर्ज केले, तिथल्या साहेबांच्या दाराशी तासन्‌तास बसल्या, त्यांचं जेवण सुटलं. शेवटच्या दिवशी तर चेहरा बघवत नव्हता. मग त्यांनी फॉर्मवर तन्मयचं नाव लिहिलं. तोही आमच्याच कॉलेजात शिकतो. तो कधी येणार नव्हता, नाव नुसतं कागदावर.

"घरचाच मुलगा आहे गं, शालिनी," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, बापांच्या कानावर तरी घाला. कागदाचं काय सांगायचं, म्हणाल्या. मी पुढे बोलले नाही. ते मला आजही सलतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टीमने आपोआप सगळ्या पालकांना मेल पाठवला: आपल्या मुलीच्या चॅप्टरमध्ये नवे सदस्य तन्मय निमकर यांचं स्वागत. दुपारपर्यंत नऊ बापांनी आपल्या मुलींची नावं काढून घेतली, त्यात हव्वाबी पहिली. छायाताई त्या नऊ बापांना फोन लावत राहिल्या आणि कोणी उचलेना. मला त्यांची कीवही येत होती आणि रागही.

संध्याकाळी मी त्यांना हव्वाबीच्या वडिलांच्या, जहूरभाईंच्या, टायरच्या दुकानात घेऊन गेले. बाकीचे बाप त्यांचं ऐकायचे. ते परतले तर सगळे परततील, एवढीच आशा उरली होती. माणूस सज्जन. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. छायाताईंनी काही लपवलं नाही. तन्मयचं नाव आत्ता काढते, कार्यालयाशी पुन्हा भांडते म्हणाल्या, आणि भर दुकानात रडल्या.

"नाम तो कट जाएगा, मॅडम," जहूरभाई हळूच म्हणाले. "तीन साल में मैंने एक बार फोन करके नहीं पूछा, बेटी कहाँ है. आपने बोला था, खलास. अब आप कुछ भी बोलेंगी, मुझे पूछना पड़ेगा."

छायाताईंनी मान डोलावली. चहा टाकला तर त्यांना वाईट वाटेल म्हणून सगळा प्यायल्या.

गाडीत मी म्हटलं, पाच मुली तर अजून आहेत ना, त्यांना धरून काहीतरी करू.

"त्यांच्या वडलांनी मेल वाचला नसेल अजून," छायाताई म्हणाल्या आणि तन्मयच्या नावाचं त्यांना स्वतःच सांगायला पहिला नंबर लावला.