भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नीलिमा दुधाच्या नमुन्यांचा तिसरा ट्रे यंत्रात सरकवत होती. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या कडेला असलेल्या या प्रयोगशाळेत फार्मांवरून उचललेल्या दुधाचे नमुने तपासायला येतात. सप्टेंबर संपत आला होता. गाई व्यालेल्या, दूध रोज वाढत होतं. बाटलीवरची पट्टी भिजून पुसट झाली असेल तर नमुना बाद होतो. आतलं दूध चांगलं का वाईट हे मग कुणी बघत नाही. चौदा वर्षं ती हेच काम करते.

तिचा नवरा रणजित एप्रिलमध्ये हृदयविकाराने गेला. दोन आठवड्यांनी ती कामावर आली. झोप नीट लागत होती, जेवण जात होतं. चव लागत नव्हती, पण ते कुणाला सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलं नाही.

भूतानची सहल रणजितने जानेवारीतच ठरवली होती. त्याची थोरली बहीण उत्तरा पुण्याहून वीस जणांबरोबर निघणार, हे दोघे कोलकात्यात त्यांना मिळणार, तिथून विमानाने पारोला. तिथल्या कड्यावरच्या मठापर्यंत चढता यावं म्हणून तो दर रविवारी गावाबाहेरच्या डोंगराच्या पायऱ्या चढायचा. नीलिमाला चढाची हौस नव्हती. तो गेल्यावर सहल रद्द करायची राहून गेली. "जाणारेस का?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "बुकिंग आहे." तेवढं पुरायचं.

त्या दिवशी पहाटे सहल नेणाऱ्या मोरेश्वरचा पुण्याहून मेसेज आला. फॉर्मवर रणजितने दोघांच्याही नावापुढे 'भारतीय' लिहिलं होतं, आणि नीलिमाने पाठवलेली प्रत न्यूझीलंडच्या पासपोर्टची होती. मॅडम, तुम्हाला व्हिसा काढावा लागेल, पाच दिवस तरी लागतात. निघायला तेराच दिवस उरलेत. येणार की नाही ते आज कळवा, नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही. रणजित आणि नीलिमाने इथलं नागरिकत्व घेऊन अकरा वर्षं झाली होती. ओसीआय कार्डावर भारतात विनाव्हिसा जाता येतं, मग भूतान काय लांब, असा त्याचा हिशेब. "आपल्याला व्हिसा कुठे लागतो?" तो सगळ्यांना सांगायचा, न विचारताही.

साडेबाराच्या जेवणाच्या सुट्टीत नीलिमाने उत्तराला फोन लावला. पुण्यात सहा वाजले होते.

"उठलात का, ताई?"

"झोपलेय कुठे? मोरेश्वरने रात्रीच सांगितलं. मी म्हटलं होतं रणजितला, एकदा विचारून घे. तर मलाच भूगोल शिकवायला लागला."

"हं."

"ऐक. तुम्हा दोघांची मतदार कार्डं माझ्या कपाटात आहेत, कोथरूडची. भूतानमध्ये ती चालतात. तुझं घेऊन येते कोलकात्याला. झालं काम."

"ताई, मी भारतीय नागरिक नाहीये आता."

"फोटो तुझाच आहे की."

"फोटो माझा आहे. कार्ड माझं राहिलेलं नाही."

"आता मला कायदा सांग. वीस जणांत तुला कोण बघतंय?" उत्तरा मग आवाज उतरवून म्हणाली, "बरं, नको येऊस. कुणी नावं ठेवणार नाही तुला. समजून घेतील लोक."

नीलिमाने दहीभाताचा घास गिळला. एप्रिलपासून पहिल्यांदाच एखादी गोष्ट तिच्यावर येऊन थांबली होती. रणजितचं बुकिंग आता तिच्या वतीने उत्तर देणार नव्हतं. जावंसं वाटतंय का, हे तिने आत चाचपून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. न जावंसं वाटतंय का, तेही पाहिलं. तिथेही काही नव्हतं.

"ताई, ते कार्ड नका आणू," ती म्हणाली. "मी व्हिसा काढते."

"एकटीने सगळं करणार?"

"फॉर्मच आहे."

फोन ठेवून तिने फोनवरच अर्ज उघडला. नागरिकत्व: न्यूझीलंड. सोबतचे प्रवासी: तिने शून्य लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर गेली. शेजारच्या टेबलावर काम करणारी मेरे कॉफीचा मग घेऊन डोकावली.

"सो, यू गोइंग?"

"व्हिसा आला तर."

"स्वीट अ‍ॅज," मेरे इथल्या बोलीत 'झकास' म्हणाली आणि कॉफीचा मग धुवायला गेली.

एक वाजायला चार मिनिटं असताना अर्ज गेला. त्याची पोच तिने मोरेश्वरला पाठवली आणि खाली लिहिलं: 'येते. खोली एकटीची.' हात धुऊन तिने नवे हातमोजे चढवले. बुधवारी यंत्रांची साफसफाई असते; उद्या तिची पाळी पहाटे पाचला सुरू होते.