उणे अठरातले तुकाण्णा

आमच्या उचगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोली गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ साचतो. तो वरचेवर काढावा लागतो, नाहीतर मशीन दमतं. किश्श्यांचंही तसंच आहे हो! अकरा वर्षं मी इथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. इतके साचलेत की आता काढलेच पाहिजेत.

बहुतेक किश्श्यांत तुकाण्णा असतातच. मूळचे नेसरीकडचे, उणे अठरा डिग्रीच्या खोलीतले आमचे सगळ्यांत जुने माणूस. गेल्या महिन्यात त्यांना तिथून काढून गेटवर बसवायचं ठरलं, तेव्हा मला दुपारचा डबा गेला नाही, खरं सांगते.

* * *

आधी दगडांचा सांगते. इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर दगडाचे ठोकळे घेऊन आले. दगडाच्या बारीक भेगांत पाणी शिरतं, गोठलं की फुगतं आणि दगड फोडतं, हे त्यांना पोरांना दाखवायचं होतं. ठोकळे पाण्यात भिजवायचे, आत गोठवायचे, बाहेर काढून पुन्हा भिजवायचे. असं वीस वेळा. काम तुकाण्णांकडे.

महिन्याभराने सर आले, तर एकाही ठोकळ्याला चीर नाही! सर हरखून गेले. "आपला काळा दगड म्हणजे काय चीज आहे बघा!" म्हणत त्यांनी फोटो काढले.

ते गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, सांगितलं तसंच केलंत ना?"

"व्हय की! फकस्त ओला माल आत न्यायचा न्हाय, हा आपला नियम हाय. म्हणून दरवेळी टॉवेलानं पुसून, उन्हात खडखडीत वाळवूनच आत ठेवलं!"

* * *

बाहेरच्या चार डिग्रीच्या खोलीत एकदा पाल सापडली. काडीसारखी ताठ. पॅकिंगच्या सुनंदाने आदल्या संध्याकाळी दार लावलं होतं, त्यामुळे पाप आपल्यालाच लागलं म्हणून ती रडकुंडीला आली. देवीला फोडायला नारळसुद्धा आणला.

तुकाण्णांनी पालीला पुठ्ठ्यावर घालून उन्हात ठेवलं. दहा मिनिटांत तिने शेपटी हलवली, आणि बघता बघता सरसर भिंतीवर!

सुनंदा हातातल्या नारळाकडे बघत राहिली. तुकाण्णा म्हणाले, "फोड की. खोबऱ्यानं काय घोडं मारलंय?"

* * *

हुपरीचा एक टेम्पोवाला येतो, बबन. एकदा गाडीची किल्ली आत मटारच्या खोक्यावर विसरला. तासाभराने ती घ्यायला आत गेला, तर हातात दोन खोकी होती, म्हणून गड्याने किल्ली ओठांत धरली. उणे अठरातलं लोखंड ते! बसलं चिकटून. बाहेर येऊन बबन डोळे फाडून नुसता "ऊं ऊं" करायला लागला. कुणी म्हणे ओढा, कुणी म्हणे डॉक्टर बोलवा.

"वडू नगा, कातडं निघंल!" तुकाण्णा ओरडले. हातातल्या बशीतला कोमट चहा त्यांनी हळूहळू बबनच्या ओठांवर ओतला. किल्ली सुटली.

बबनने ओठ चाटले आणि पहिला शब्द काढला, "साखर कमी हाय."

* * *

आता खुर्ची. आमचे धाकटे मालक पुण्याला शिकून आलेत. आत माल मोजायला त्यांनी प्लास्टिकची खुर्ची नेली आणि तिथेच विसरले. चार दिवसांनी गेले आणि ऐटीत टेकले. थंडीने कडक झालेली ती खुर्ची पापडासारखी मोडली! मालक खाली, भोवती सहा हमाल.

"अण्णा, आधी सांगायचं नाही का?"

"सांगतच व्हतो. तवर तुमी बसलासा."

सगळे हसले, तिथेच बिनसलं. दुसऱ्या दिवशी आत तापमानाचा डिजिटल मीटर बसला आणि ऑर्डर निघाली: आता माणसाची गरज नाही, सोमवारपासून तुकाण्णा गेटवर. एकवीस वर्षं त्या खोलीत काढलेला माणूस. त्यांनी थंडीचं जाकीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं. मला फार लागलं ते.

* * *

गेटवर चौथा दिवस, आणि आमच्याकडे माल ठेवणाऱ्या आइस्क्रीम कंपनीचे साहेब ऑडिटला हजर. आत गेलो तर मीटर कोरा! थंडीने सेलनेच मान टाकलेली. धाकट्या मालकांना त्या गारठ्यातही घाम फुटला.

"आत्ता तापमान किती आहे, हे तुम्हाला कळतं कसं?" साहेबांनी विचारलं.

मी पळत जाऊन तुकाण्णांना घेऊन आले. जाकीट मीच त्यांच्या अंगावर चढवलं. ते दारात उभे राहिले. नाकाने तीनदा श्वास घेतला. "नाकातलं केस तिसऱ्या श्वासाला चिकटलं. म्हंजे उणे एकोणीस."

साहेबांनी बॅगेतून स्वतःचा थर्मामीटर काढला. पाच मिनिटांनी आकडा स्थिरावला. उणे एकोणीस!

"हे कोण?"

धाकटे मालक पटकन पुढे झाले. "हे? आमच्या कोल्ड रूमचे इनचार्ज!"

साहेबांनी फॉर्म उघडला आणि जराही न हसता विचारलं, "शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

म्हणजे मोजायचं साधन शेवटचं कधी तपासलं, असं मी तुकाण्णांच्या कानात सांगितलं. त्यांनी एकदा नाक ओढून बघितलं.

"सर्दी सोमवारी गेली, साहेब. तवापास्नं बरोबर दावतंय."