जाग नसलेला चहा

संपानंतर माझे बाबा झोपेनासे झाले. हे वाक्य मी बऱ्याच डॉक्टरांना सांगितलं आणि प्रत्येकाने ते ‘झोप कमी’ असं लिहून घेतलं. कमी नव्हती, नव्हतीच. लालबागच्या आमच्या एका खोलीत ते भिंतीला पाठ लावून बसत. अधूनमधून पापण्या मिटत आणि कोणी हाक मारल्यासारख्या पुन्हा उघडत. गिरणीला टाळं लागलं, पत्रे उतरले, पुढे तिथे काचेची इमारत उभी राहू लागली, तरी हे चालूच.

त्यांचा आधार म्हणजे चहा. दिवसाला आठ-नऊ कप, भुकटीचा, काळपट, उकळून उकळून जीव काढलेला. शेवटच्या डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं नाही, मला बाजूला घेऊन म्हणाले, "झोपले नाहीत तर हृदय फार दिवस साथ देणार नाही. आधी चहा बंद करा."

आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"चाय बंद केली तर ह्यांनी दिवसभर करूचा काय?" ती म्हणाली. "चाय आसा म्हणान माणूस आसा."

मी तेव्हा रे रोडच्या गोदामांपलीकडे चहाच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. वनस्पतिशास्त्र शिकलो ते बाबांच्या हट्टामुळे. ते साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर. त्या काळी बापाच्या जागी मुलगा लागायचा. बाबांनी मला एकदाच बजावलं होतं, "माझ्या साच्यावर तू उभा राहायचा नाहीस." मी राहिलो नाही. मी लोकांचा चहा परीक्षानळीत घालून बघत बसलो.

त्याच सुमाराला आमच्याकडे एका डोंगरी मळ्यातल्या झुडपाचं कलम आलं. कंपनीला त्याचं भारी कौतुक. साहेबांनी समारंभ ठेवला, कुंडीला झेंडूचा हार घातला. पाहुण्यांनी मानवजातीच्या आरोग्यावर तासभर भाषण केलं आणि तेवढ्या वेळात मुंबईच्या दमट हवेने मानवजातीच्या आशास्थानाची चार पानं गळली. कोणी उचलली नाहीत. मी उचलली.

झुडपाची खुबी अशी. चहाच्या पानात कॅफीन असतं ते माणसांच्या सोयीसाठी नव्हे. कोवळ्या पानाला कीड लागू नये म्हणून झाड ते विष तयार करतं. आपण त्या विषावर उठून कामाला जातो. ते तयार होताना एका रेणूवर एकामागून एक अशा तीन खुंट्या बसवाव्या लागतात. तिसरी खुंटी बसवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, तिथे या झुडपात जन्मतःच खोट होती. काम दोन खुंट्यांवर थांबायचं आणि त्या अर्धवट मालाने कोणी विशेष जागं राहत नाही. वासाची, कडवटपणाची, जिभेवर रेंगाळणाऱ्या गोडसर चवीची जनुकं वेगळी. त्यांना या खोटीची खबरही नव्हती. साचेखात्याच्या भाषेत, ताण्यातला एकच धागा तुटला होता आणि साचा तसाच चालू होता. कापड वरून अगदी तेच दिसत होतं.

बी लावून ही खोट पुढच्या पिढीत उतरेलच याची खात्री नव्हती, म्हणून मळ्यात फांद्या कापून लावल्या. त्यातून पुष्कळ झुडपं झाली. पण ती मुलं नव्हेत, तेच झाड. पुढे मूळ झुडूप मेल्याचं पत्र आलं. उतारावर ते शेकडो ठिकाणी उभं होतं, त्यामुळे मेलं कोण, हे मला नीट कळलं नाही. साहेबांनी दुखवट्याचा ठराव केला नाही, एवढंच नशीब.

त्या पानांच्या भुकटीची काही पाकिटं तपासणीसाठी आली होती. त्यातली चार मी खिशातून घरी आणली. आईने नेहमीचा डबा रिकामा करून त्यात ती भुकटी ओतली. बाबांना सांगायचं नाही असं ठरलं.

पहिला कप बाबांनी बशीत ओतून प्यायला. चव नेहमीचीच होती, मी चाखली होती. बाबांनी बशी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. चहा बरा आहे." मग थोड्या वेळाने, "पण ह्याच्यात कोण नाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपले. आई पदर तोंडाला लावून दारात बसली, जाणाऱ्या-येणाऱ्याला बोटाने गप्प करत. आठवडाभर असं चाललं. मी स्वतःवर इतका खूश होतो की, एखादा हार मलाही चालला असता.

मग मी नीट बघितलं. झोपेत बाबांचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नाही. एरवी साच्यांच्या आवाजाने कान गेलेला हा माणूस ‘पाणी दे’ म्हणाला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. आणि हात छातीवर, दोन बोटं आणि अंगठा, सारखी गाठ मारल्यासारखी. मला वाटलं, श्वास कमी पडतोय. आईला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. तिने उदी लावली, मी नाडी मोजली. दोघांचाही उपयोग सारखाच झाला.

समोरच्या खोलीतले काका बाबांच्याच खात्यातले. दुपारी सुपारी मागायला आले आणि उंबऱ्यावरच थांबले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"हा बोलतोय ते."

"काका, आवाज कुठाय?"

"शेडमध्ये आवाज कुणाचा ऐकू यायचा रे? चारशे साचे धडधडायचे. आम्ही ओठांवरच बोलायचो." ते बाबांच्या तोंडाकडे बघत खाली बसले. "हा झोपलेला नाय. हा पाळीवर आहे. बोटं बघ, तुटलेला धागा बांधतोय."

"म्हणतायत काय?"

काका पुढे वाकले. "एकच. ‘मला सोडवायला कोण येतंय?’ परत तेच."

त्या खात्याचा एक रिवाज होता, तो मला तेव्हा कळला. पाळी संपली तरी चालू साचे सोडून निघायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस मागून येऊन खांद्यावर हात ठेवणार, मग निघायचं. आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हात.

"मग तुम्ही सांगा ना काहीतरी," आई म्हणाली.

"वयनी, डोळे मिटलेत त्याचे. माझे ओठ दिसणार कसे?"

मी विश्वास ठेवला नाही. काकांना गोष्टी रंगवायची सवय होती. त्यांच्या हिशोबाने संपाची निम्मी भाषणं त्यांनीच लिहून दिली होती. म्हणून प्रयोगशाळेत करतात तसं केलं. तळमजल्यावर दुसऱ्या गिरणीतले एक म्हातारे विणकर होते, काकांशी वीस वर्षं अबोला धरलेले. त्यांना काही न सांगता दुपारी वर आणलं. ते काठीवर रेलून बघत राहिले आणि म्हणाले, "सोडवायला माणूस मागतोय. पाठवत का नाय कोणी?" आणि चिडून खाली गेले.

शास्त्राचा नियम असा की, निकाल दोनदा तोच आला तर मानायचा. मी तो नियम इतक्या नाखुशीने कधी पाळला नव्हता.

डब्यात आता दोन दिवसांची भुकटी उरली होती. आणखी मिळणार नव्हती. साहेबांनी कपाटाला कुलूप लावलं होतं. आईने त्या दुपारी मला समोर बसवलं.

"जुनी चाय देतंय त्यांका," ती म्हणाली. "जागे आसले तर माझ्याकडे आसतत. झोपले की थंय गिरणीत उभे. इतक्या वर्सांची पाळी करतत, दिसत नाय तुका?"

"आई, हृदय…"

"उभ्याने फुटता काय बसल्याने, सारख्याच."

मी काकांकडे गेलो. "तुम्ही त्यांच्या खात्यातले. तुम्ही खांद्यावर हात ठेवा. एकदाच."

काकांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "माझ्याने नाय होणार."

"का?"

"संपाच्या दिवशी दुसऱ्या पाळीला मीच जाणार होतो. त्याच्या साच्यांवर. गेटवर गर्दी होती, मी तिथूनच फिरलो. सगळेच फिरलो. आत हा उभा." ते भिंतीकडे बघत होते. "बटणं वरून बंद केली म्हणून सगळे निघाले. पण हात कोणी ठेवला नाय. आता मी ठेवला तर तिथे उभं कोण राहील, तूच सांग."

मी हसलो. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दुपारी शेवटचा चहा झाला. बाबा झोपले, ओठ हलू लागले. आई स्टोव्हजवळ पाठ करून बसली होती, काका दारात. मी माझ्या शिक्षणाला शोभेल असं काहीतरी मनात म्हणत होतो. आणि मी बाबांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

ओठ थांबले. बोटांनी एक गाठ पुरी केली आणि हात चटईवर उतरला. बाबांनी डोळे न उघडता तोंड किंचित वळवलं, कोण आलंय ते बघावं तसं, आणि कपाळाला आठी पडली. ती मी ओळखली. ‘तू उभा राहायचा नाहीस’ म्हणताना पडायची तीच. मग ते कुशीवर वळले आणि घोरायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले. नेहमीची भुकटी प्यायचे, आठ-नऊ कप, आणि रात्री गाढ झोपायचे. डॉक्टरांनी श्रेय आपल्या गोळ्यांना दिलं. मी वाद घातला नाही.

मिळवलेले गुण वंशात उतरत नाहीत, हे मी प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या मुलांना दरवर्षी शिकवायचो. लोहाराच्या मुलाला दंडाचे स्नायू आयते मिळत नाहीत. मी साचेखात्यात कधी पाऊल ठेवलेलं नाही. तिथली ओठांची बोली मला एका शब्दानेही येत नाही.

निवृत्तीनंतर मी दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. चहा कडक घेतो, तरी कधी डोळा लागतो. परवा जाग आली तेव्हा काका समोर उभे होते. आता फार वाकलेत. माझ्या तोंडाकडे बघत होते. माझी दोन बोटं आणि अंगठा दुखत होते.

"काका, काय म्हणत होतो मी?"

"तू? काय नाय. ऊठ, चहा टाक."

"खरं सांगा."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि कठड्याच्या कडेने, माझ्यापासून लांबून, आपल्या खोलीकडे गेले.