टाचणीचं माप

पडदा वर जातो. रंगमंचावर शिवणयंत्र, इस्त्रीची वाफ, दोरीला लटकलेल्या बिनसदऱ्याच्या बाह्या, आणि ऐन मध्यभागी टाचणी. टाचणी म्हणजे काळी, सडपातळ कुत्री, मागच्या एका पायात जुनं दुखणं असलेली. तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेत ते मास्तर. धंद्याने शिंपी, फावल्या वेळात टाचणीला अडथळ्यांच्या शर्यतीसाठी पळवायचे. दांड्यांवरून उड्या, कापडी बोगदा, खांबांमधून नागमोडी धाव, सगळं तिला त्यांनीच शिकवलेलं. आणि स्वभाव? तो बोलतोच आहे, ऐका.

"अक्का, हिला आज काय खायला घातलंस?"

"का रे? विष शोधतोयस?" थोरली बहीण आतून कडाडली.

"नाही. उंच दिसतेय."

मास्तरांचा कशावरच विश्वास नसे. दोऱ्याचं नवं रीळ ते उलगडून बघत. माप देताना गिऱ्हाईकाने पोट आत घेतलं, की पोटावर टिचकी मारून म्हणत, "श्वास सोडा साहेब. सदरा पोटाला शिवायचाय, अब्रूला नाही."

गेल्या मोसमात बेकरीवाल्याच्या झुबकेदार कुत्र्याने टाचणीला मागे टाकलं, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. बुटक्यांच्या गटात एवढा थोराड कुत्रा? "मोजताना तो खांदे पाडतो. शिकवलंय त्याला!" मास्तरांनी शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे तक्रार ठोकली. क्लबने मानभावीपणे ती ऐकली आणि जाहीर केलं: सगळ्याच कुत्र्यांची उंची नव्याने मोजू.

मास्तरांचा चेहरा पडला. कारण बुटक्यांच्या गटाला उंचीची जी रेषा, नेमकी तिच्यावरच टाचणी होती. केसभर वर गेली तर मोठ्यांचा गट आणि उंच दांड्या. त्या पायाने उंच उड्या म्हणजे पाय कायमचा जायचा. थोडक्यात, खेळ खलास.

मग रोज संध्याकाळी दुकान आवरलं की लाकडी पट्टी टाचणीच्या खांद्यांवर टेके. माप रेषेबाहेर गेलं की मास्तर सुस्कारा टाकून तोंड फिरवीत. आत आलं की जीव भांड्यात पडे, आणि बिस्किटाचा तुकडा टाचणीच्या तोंडात. हळूहळू माप रोजच आत येऊ लागलं. झालं! मास्तरांना नवा संशय.

"अक्का, पट्टी बदललीस?"

"हो, तुला बदलता येत नाही ना, म्हणून!"

मोजणीच्या दिवशी मैदानावर प्राण्यांची डॉक्टरीण मापाची चौकट घेऊन उभी होती. बेकरीवाल्याचा कुत्रा पहिला. मास्तर मान वाकडी करून त्याचे खांदे न्याहाळत होते. कुत्रा खांबासारखा ताठ उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी केसांचा झुबका दाबला. खाली एवढासा जीव. रेषेच्या चांगलाच आत!

मग टाचणी. चौकटीची दांडी पाठीला लागली मात्र, आणि तिने श्वास रोखला, कोपरं वाकवली, खांदे मऊ लोण्यासारखे खाली नेले. वर मास्तरांकडे बघून शेपटी हलवली.

"आत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण भुवई चढवूनच.

बेकरीवाला खो खो हसला. "वा मास्तर! आम्हाला नावं ठेवता, आणि ही कला कुठल्या शाळेतली?"

सगळ्यांच्या नजरा मास्तरांवर. त्यांच्याच नजरेसारख्या, बारीक केलेल्या.

ते सोबत आलेल्या अक्काकडे वळले. "हे हिला कुणी शिकवलं?"

"माझ्याकडे काय बघतोस?" अक्का हळूच म्हणाली. "पट्टी कोण टेकवायचं? बिस्कीट कोण द्यायचं?"

टाचणी अजून तशीच दबून उभी होती, बिस्किटाची वाट बघत. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. निकाल तर हातात होता. नुसतं गप्प बसायचं होतं.

त्यांनी घसा खाकरला. "बाई, तिच्या पोटाखाली बोट लावा. श्वास सोडू द्या. ती माप चोरतेय. शिकवणारा मी आहे."

बोट लागलं, टाचणी सरळ झाली, आणि दांडी रेषेच्या किंचित वर जाऊन थांबली. बेकरीवाल्याचं हसू विरलं.

"मोठ्या गटात घालू का हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी पलीकडच्या उंच दांड्या पाहिल्या, मग टाचणीचा मागचा पाय. मान हलवली. नाही. वाकून तिच्या गळ्यातला क्रमांकाचा बिल्ला सोडवला, खिशातलं अख्खं बिस्कीट तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "ताठ उभी राहा गं बाई. आता तुला कुणी मोजणार नाही."