हौदातला कडूकंद

सुरगाण्याच्या डोंगरात माझी शाळा दोन खोल्यांची होती आणि त्यातल्या एका खोलीत मी स्वतःला फार शहाणी समजत होते. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नाशिकला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी जीपमधून परतले ती ज्ञानरचनावाद डोक्यात भरूनच. मुलं आपलं ज्ञान आपणच रचतात, गटात बोलून रचतात, बाईंनी फक्त वाट मोकळी करायची. मला ते मनापासून पटलं होतं, आजही पटतं. त्यातली एकच गोष्ट मी जरा जास्त मनावर घेतली. उत्तर सांगायचं नाही. मुलानं विचारलं की आपण उलट विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?"

खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. मी शहरात वाढलेली. त्या रानातलं कुठलं झाड कसलं, हे मला ठाऊक नव्हतं आणि पोरांसमोर तसं म्हणायची लाज वाटायची. प्रश्न परत टोलवला की अज्ञान झाकलं जायचं, वर पद्धतही पाळली जायची. अशानं कधीतरी अंगाशी येईल, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

दिवाळीनंतर मी चौथीच्या सात मुलांना काम दिलं. रानातला एखादा पदार्थ गटानं आणा, शिजवा आणि कसा केला ते लिहा. त्यांनी कडूकंद आणला. नीट केला नाही तर तो बाधतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. मी आपली तो कारल्यासारखा नुसता कडू असेल असं धरून बसले. पोरांनी काप केले, चुलीतली राख घालून उकडले. पुढे ते रात्रभर पाण्यात ठेवायचे होते. ओहोळ लांब होता. कुणीतरी म्हणालं, शाळेमागच्या हौदात टोपली सोडू.

गटात एक हडकुळी मुलगी होती. आईबाप द्राक्षबागांत मजुरीला गेलेले, ही आजीजवळ. ती म्हणाली, "नाय. पाणी वाहतं लागतं."

"का बरं?" मी लगेच विचारलं.

"आजी तसंच करते."

"ते आजीचं झालं. तुझं कारण काय?"

तिला कारण सांगता येईना. मग मी गटाचं मत घेतलं. सहा हात हौदासाठी वर गेले, तिचा खालीच राहिला. गटानं ठरवलं की सगळ्यांनी पाळायचं, असा आमच्या वर्गाचा नियम होता. मी वहीत लिहिलं की मुलं घरच्या रीतीला प्रश्न विचारू लागली आहेत. ते लिहिताना मला केवढा आनंद झाला होता, हे आठवलं की अजून स्वतःची चीड येते.

दुसऱ्या दिवशी टोपली काढली तेव्हा हौदाचं पाणी पिवळट दिसत होतं. त्यावर फेस धरला होता. मुलांनी काप पुन्हा उकडले, मीठ लावलं. एकानं जिभेला लावून तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "बाई, झालं का?"

चुलीभोवतीचे सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या उत्तराची ते खरोखर वाट बघत होते.

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मीठ कमी आहे. अजून मीठ घातलं आणि खायला बसले. ती मुलगी हातातलं पान तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी हसून होकारार्थी मान डोलावली. मग तिनंही खाल्लं. मी खाल्लं नाही. मी निरीक्षण करत होते.

तासाभरात पहिली उलटी झाली. मग दुसऱ्या पोराला, मग तिसऱ्याला. घशात आग होते म्हणून पोरं रडत होती. ती मुलगी रडत नव्हती, तिचे डोळे फिरले होते. जीप मिळेपर्यंत मी तिला मांडीवर घेऊन रस्त्यावर बसले. तिचे हात गार पडत चालले होते.

तालुक्याच्या दवाखान्यात सहा मुलं दुपारपर्यंत सावरली. हिला सलाईन लावून ठेवलं. ऊन कलल्यावर डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलं. तेवढ्यात तिची आजी पायी चालत दवाखान्यात पोचली. ती खाटेपाशी उभी राहिली. नातीवर ओरडली नाही.

"तुला ठावं होतं ना? मग खाल्लंस कशाला?"

पोरगी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाई समोर बसली होती. वाईट असतं तर बाईनं खाऊ दिलं नसतं."

आजीनं माझ्याकडे बघितलं. "बाई, तुला ठावं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "मला काहीच माहीत नव्हतं."

मुलगी जागी होती. तिनं ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.